भाकरीबरोबर कच्चे पान : परसात लेट्यूसचा एक वाफा

रब्बी ज्वारी गुडघ्याइतकी झाली की शेतातून परतणाऱ्या बाईच्या ओटीत पाथरी असावयाची, हे चित्र जिंतूर तालुक्यातील चारठाणा परिसरात वडीलधाऱ्या मंडळींच्या चांगल्या परिचयाचे आहे. पाथरीची पाने स्वच्छ धुवावयाची आणि मीठ, तेल व शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कच्चीच भाकरीशी खावयाची. तिच्यासाठी चूल पेटवावी लागत नसे, की पैसा मोडावा लागत नसे. कोवळ्या करडईची आणि हरभऱ्याच्या शेंड्यांची भाजीही अशीच शेतातून घरी येत असे.

गेल्या तीन दशकांत हे चित्र पालटले आहे. सोयाबीनचा पसारा वाढला, करडईचे क्षेत्र घटले आणि मजुरीच्या अडचणीमुळे पुष्कळ ठिकाणी खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली. शेतकऱ्याचा नाइलाज समजण्यासारखा आहे. परंतु तणनाशकाला तण आणि भाजी यांतील भेद कळत नाही. पाथरी तणाबरोबरच गेली. जेथे बांधही फवारले जातात, तेथे उरलेसुरले पान खाण्यास योग्य राहत नाही. तेव्हा शेताने जे पान आजवर फुकट दिले, ते यापुढे परसाने दिले पाहिजे. त्यासाठी हिवाळ्यात घरामागे लेट्यूसचा एक लहानसा वाफा करून पाहावा.

लेट्यूस म्हणजे पुण्यामुंबईच्या हॉटेलांत मिळणारी सॅलडची भाजी. ती बड्या लोकांची, विलायती भाजी असा समज आहे. तो दूर करण्यास एक साधी गोष्ट पुरेशी आहे. लेट्यूसचे पान देठाशी मोडले की त्यातून दुधासारखा चीक येतो. पाथरीचे पान मोडले तरी तसाच चीक येतो. लॅटिन भाषेतील दूध या अर्थाच्या शब्दावरूनच लेट्यूसला लॅक्टुका हे शास्त्रीय नाव मिळाले आहे. पाथरी, लेट्यूस, करडई व सूर्यफूल ही सर्व एकाच वनस्पतिकुळातील असून त्यांत पाथरी व लेट्यूस यांचे नाते अधिक निकटचे आहे. म्हणजे नवीन आहे ते केवळ नाव. नाते जुनेच आहे. लहान जागेत, थोड्या दिवसांत आणि न शिजवता खाता येणारी भाजी म्हणून अंतराळस्थानकावरही लेट्यूसच लावली गेली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तेथील अंतराळवीरांनी आपण वाढविलेली तांबडी लेट्यूस खाल्ली. अंतराळात जी उगवते, तिला चारठाण्याच्या परसात जागा मिळणे अवघड नाही.

यावर सर्वांत वाजवी आक्षेप पाण्याचा आहे. ज्या गावकऱ्यांनी टंचाईचे उन्हाळे काढले, त्यांना भाजीसाठी पाणी घाला म्हणणे सोपे नाही. चारठाण्यात प्राचीन मंदिरांच्या सोबतीने पायऱ्यांची बारव आहे; पाण्याचे मोल या गावाला नव्याने शिकवावयास नको. म्हणून हिशेबच मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात पिकाला दिवसाकाठी साधारण चार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एक मीटर रुंद व दोन मीटर लांब वाफ्यास रोज सुमारे आठ लिटर, म्हणजे एक बादलीहूनही कमी पाणी पुरते. शिवाय ही भाजी उन्हाळा तापण्यापूर्वी आटोपते. खरी टंचाई त्यानंतर सुरू होते.

मात्र पाण्याच्या बाबतीत एक चूक होऊ देऊ नये. परसबाग म्हटली की मोरीचे सांडपाणी तिच्यात सोडावे, असा सरसकट सल्ला दिला जातो. केळी, पपई व शेवगा यांच्या बुंध्याशी ते सोडण्यास हरकत नाही. परंतु जे पान कच्चे खावयाचे, त्याला मोरीचे पाणी देऊ नये आणि ताजे शेणही घालू नये. त्यातून जंत व पोटाचे विकार घरात येतात. लेट्यूसला स्वच्छ पाणीच द्यावे, तेही पानांवर न शिंपडता मुळाशी द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी त्याच दिवशी मुळाशी दिल्यास चालते. काढलेली पाने पिण्यायोग्य पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन मगच खावीत.

लागवडीची रीत कठीण नाही. काळवेळ मात्र साधली पाहिजे. लेट्यूस हे थंडीचे पीक आहे. उष्णता तीस अंशांच्या आसपास गेली की तिचे बी निद्रिस्त राहते आणि शेतकरी बियाण्यास दोष देतो. म्हणून जूनमध्ये इतर भाज्यांबरोबर तिचे बी टाकू नये. पहिली पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीस करावी व शेवटची डिसेंबर संपण्यापूर्वी उरकावी. पहिल्या पेरणीच्या वेळी उकाडा असल्यास बी ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर पाण्याच्या रांजणाजवळ गारव्यास ठेवावे आणि सकाळी पेरावे.

चारठाण्याकडील काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. लेट्यूसची मुळे उथळ असल्यामुळे तिला दोन्ही सोसत नाहीत. यासाठी वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात पुरते कुजलेले शेणखत दोन-तीन घमेली मिसळावे. रोपे फुटक्या माठाच्या खापरात किंवा जुन्या डब्यात करता येतात. डब्याच्या तळाला भोके असावीत. बी अतिशय बारीक असते, एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार भरतात. उगवणीस त्याला उजेड लागतो. म्हणून ते खोल न पुरता वर चिमूटभर बारीक माती भुरभुरावी. तीन ते चार आठवड्यांनी रोपांना चार-पाच पाने आली की संध्याकाळच्या वेळी वाफ्यात वीतभर अंतराने लावावीत. वर सांगितलेल्या वाफ्यात सुमारे तीस रोपे बसतात. कोंबड्या व शेळ्यांपासून रक्षणासाठी तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे कुंपण पुरते.

नवशिक्याने गड्डा धरणारा प्रकार घेऊ नये; त्याला दीर्घ थंडी लागते. सुट्या पानांचा प्रकार घ्यावा. पेरणीपासून सुमारे पन्नास दिवसांत बाहेरची पाने काढण्यास येतात. रोप न उपटता मधला कोंब राखून पाने काढली, तर आठवड्याने पुन्हा तोडा मिळतो आणि असे तीन-चार तोडे होतात. सगळे बी एकदम पेरण्याचा मोहही आवरावा. एकदम पेरले तर आठ दिवस पाने वाया जातात आणि पुढे महिनाभर वाफा रिकामा राहतो. दर पंधरा दिवसांनी चिमूटभर बी टाकावे. ऊन वाढल्यावर मधून दांडा वर येतो व पाने कडू होतात. तो हंगाम संपल्याचा निरोप समजावा.

लेट्यूसविषयी भलतीच आशा दाखविणेही योग्य नाही. हिच्या पानांत बहुतांश पाणीच असते. लोहाच्या बाबतीत माठ, राजगिरा किंवा हरभऱ्याचा पाला तिच्याहून सरस आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या. लेट्यूसच्या चार पानांनी हा रक्तक्षय जाईल असे सांगणे ही फसवणूक होईल. लोह भाकरीतून, डाळीतून व माठासारख्या पालेभाज्यांतून यावयाचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये दिलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण त्याच हेतूने, लोह व जस्त अधिक असलेला म्हणून पुढे आला. परंतु धान्यातील लोह अंगी लागण्यास आंबट फळांतील क जीवनसत्त्वाचे साहाय्य होते. ज्वारीची भाकरी, डाळ, मूठभर कच्चे पान आणि त्यावर पिळलेले लिंबू असे ताट झाले, तर पान रुचीचे काम करते व लिंबू लोहाच्या कामी येते. वाफ्याच्या कडेने मेथी व माठ टाकावे आणि बांधावर न फवारलेली पाथरी सापडली, तर तिचे बी आणून एका कोपऱ्यात विखरावे. परसात आलेल्या पाहुणीने घरच्या लेकीला बाहेर काढू नये.

तसेच लेट्यूसच्या पैशाची स्वप्नेही गावात पेरू नयेत. तोडलेले पान काही तासांत मलूल होते. शीतगृह व जवळची खात्रीची बाजारपेठ नसता हिचे एकरभर पीक घेणे म्हणजे नुकसानीस आमंत्रण होय. एक वाफा घरासाठी, एवढीच मर्यादा बरी.

आणखी एका गोष्टीचा विचार परसबागेच्या सल्ल्यात क्वचितच होतो. लेट्यूसचे दिवस तेच कापूस वेचणीचे दिवस. पहाटे उठून स्वयंपाक करून दिवसभर वेचणी करणाऱ्या बाईला ‘फावल्या वेळात’ परसबाग करा असे सांगणे, हे तिच्या कष्टांकडे डोळेझाक करणे आहे. ज्या रक्तक्षयासाठी ही खटपट, तो तिचाच आहे. त्यावरील उपायाचे ओझेही तिच्याच डोक्यावर ठेवणे न्यायाचे नाही. वाफा घरधन्याने खणून द्यावा, कुंपण त्याने घालावे, पाण्याची बादली शाळेतील मुलामुलींनी आळीपाळीने घालावी. आणि पान मात्र प्रथम तिच्या ताटात पडावे.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी बियांच्या पुड्या वाटून यादी पूर्ण करण्यात समाधान मानू नये. दहा घरेच निवडावीत. परंतु पेरणीला, पुनर्लागणीला व पहिल्या तोड्याला अशा तीन वेळा त्या घरी जावे. शेवटी दोन जोमदार झाडे फुलावर सोडावयास सांगावीत. लेट्यूसचे फूल स्वतःच्याच परागाने फळते; त्यामुळे संकरित नसलेल्या वाणाचे घरी धरलेले बी मूळ वाणासारखेच उतरते. पिवळी फुले सुकून पांढरा कापूस दिसू लागला की बी काढावे, वाळवावे व बाटलीत बंद करून ठेवावे.

पहिल्या वर्षी किती पुड्या वाटल्या, यावर या कामाची परीक्षा करू नये. दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, कोणी न सांगता किती घरांनी आपल्याच बाटलीतील बी पेरले आणि किती घरांनी त्यातील चिमूटभर शेजारी दिले, यावर ती करावी.