खोडदची दुर्बीण आणि वळसा घेणारी रेल्वे

धूर ओकणारे डिझेल इंजिन आणि विजेवर धावणारी आगगाडी, यांतली पर्यावरणाला सोसणारी कोणती, हे शाळेतले पोरही चुटकीसरशी सांगेल. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला मात्र उत्तर उलटे येते. इथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीला धुराचे सोयरसुतक नाही. तिला छळते ती ठिणगी. धावत्या गाडीचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासतो, क्षणभर सुटतो, पुन्हा चिकटतो आणि प्रत्येक ठिणगीसरशी रेडिओलहरींचा गोंगाट उठतो. अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीजवळ तर पेट्रोलच्या गाड्यांनाही मज्जाव आहे, कारण त्यांच्या स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. तिथे डिझेलच्याच गाड्या वापरतात.

हीच ठिणगी पुणे-नाशिक रेल्वेच्या मुळावर आली. महारेल या रेल्वे कंपनीने आखलेला सुमारे २३५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा दुहेरी विद्युत मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सरळ उत्तरेला जाणार होता. राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली, भूसंपादनही सुरू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जीएमआरटीच्या निरीक्षणांत अडथळा येईल, असे कारण देऊन या आखणीला नकार दिला आणि अहिल्यानगर-शिर्डीमार्गे जाण्याचा पर्याय पुढे आला.

दुर्बिणीला दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडद निवडले ते इथल्या रेडिओ-शांततेसाठी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी पार्श्वभूमीचे पुरावे जगभरच्या गटांनी मांडले, त्यात इथल्या निरीक्षणांचाही वाटा होता. शिवाय प्रश्न एकट्या पँटोग्राफचा नाही. रेल्वेची ‘कवच’ ही सुरक्षा यंत्रणा वापरते त्या रेडिओलहरी दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्यातच येतात, आणि गाडीतल्या शेकडो प्रवाशांचे मोबाइल ते वेगळेच.

तरीही शिर्डीचा वळसा हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

ऊर्जा वाचवणारी गाडी म्हणजे ऊर्जा वाचवणारी वाहतूक, असा एक गोड गैरसमज आपल्याकडच्या नियोजनात रुजला आहे. पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण कमी, त्यामुळे रेल्वेला इंधन कमी लागते हे खरे. पण हा फायदा हाती पडतो तो रस्त्यावरची वाहने रुळावर आली तरच. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघणारा ट्रक, मंचरहून चाकणच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, आळेफाट्यावर गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी, यांतला एकही जण अहिल्यानगरला जाऊन रेल्वे पकडणार नाही. शिर्डीमार्गे होणारी रेल्वे अहिल्यानगर जिल्ह्याला उपयोगी पडेल. तिच्या गुणांवर ती जरूर व्हावी. पण तिला ‘पुणे-नाशिक’ म्हणून खपवल्याने चाकणची वाहतूककोंडी तसूभरही हलणार नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजवर रूळ पडलेला नाही. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई, आणि आज त्याच मुलखाचा सगळा भार एका महामार्गावर आहे, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी प्रगती नव्हे.

शेतमालाचे उदाहरण तर फार बोलके आहे. देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी सुटली ती नाशिकजवळच्या देवळालीहून, बिहारमधल्या दानापूरसाठी. जुन्नरच्या शेतकऱ्याला असा डबा गाठायचा तर आधी ट्रकचे भाडे मोजून घाट ओलांडायचा. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रकच रुळांवरून नेते. पुणे-नाशिक मार्गाची चर्चा मात्र ‘दोन तासांत नाशिक’ याभोवतीच फिरत राहिली. मालाचा विचार तोंडी लावण्यापुरता.

मग करायचे काय? दुर्बिणीपासून किती अंतरावर, डोंगराच्या कोणत्या बाजूने किंवा किती लांबीच्या बोगद्यातून रूळ नेले तर गोंगाट सोसण्याजोगा राहतो, हे प्रत्यक्ष मोजता येते. जपानमध्ये २०१४ पासून तारेखाली चार्ज होऊन बिनतारेच्या मार्गावर बॅटरीने धावणारी लोकल आहे. खोडदच्या परिसरापुरता पँटोग्राफ उतरवून, वेग कमी करून जाणे कितपत साधेल, याची चाचणी घेता येईल. कदाचित नाहीच साधणार. पण तसे असेल तर ते मोजमापांसह लोकांसमोर यायला हवे. जमीन मोजून दिलेल्या गावांना एवढे मागण्याचा हक्क नक्कीच आहे.

रेल्वेचा निकाल लागेल तेव्हा लागेल. एसटी आजच रस्त्यावर आहे. हिशेब साधा: लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी एसटी चाळीस प्रवासी घेऊन निघाली, तर एका लिटरमध्ये एक माणूस १८० किलोमीटर गेल्यासारखे होते. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत दोघे बसले, तर आकडा ३० वर अडकतो. मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे तिकीट मिळाले आणि एसटीत पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली. मागणी आहे, तुटवडा गाड्यांचा आणि फेऱ्यांचा आहे. सहापदरीकरणावर आणि उन्नत मार्गांवर ओतल्या जाणाऱ्या पैशांतला थोडा वाटा जरी मंचर, नारायणगाव, आळेफाटा या टापूतल्या फेऱ्यांकडे वळला, तरी खोडदसारख्या आतल्या गावांना मुक्कामी गाडीच्या भरवशावर राहावे लागणार नाही.

एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. शिवाई देवीचे ठाणे ज्या शिवनेरीवर आहे, त्या शिवनेरीच्या जुन्नर तालुक्यातल्या गावांच्या फेऱ्यांना अशा गाड्या मिळाव्यात, ही मागणी अवास्तव नाही. बसस्थानकांत चार्जर बसवण्याआधी मात्र दुर्बिणीच्या अभियंत्यांना सोबत घ्यावे लागेल, कारण विजेची ही यंत्रेही रेडिओलहरी सोडतात; जागा कुठली, आवरण कसले, हे आराखडा कागदावर असतानाच त्यांच्याशी बसून ठरवलेले बरे.