तिकिटाचा दर आणि आपला पडदा

कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेमाच्या तिकिटावर २०० रुपयांची मर्यादा घातली. कर वेगळा, ७५ पर्यंत आसनांची आलिशान दालने वगळलेली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. मर्यादा योग्यच होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण बेळगाव-खानापूरच्या मराठी माणसाने तेवढ्यावर समाधान मानू नये.

हिशेब साधा आहे. २०० रुपयांच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी धरला, तर पाच जणांच्या कुटुंबाला ११८० रुपये पडतात. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्केच. तेथे तेच कुटुंब ५२५ रुपयांत चित्रपट पाहते. घरचा डबा अडवण्याचा मल्टिप्लेक्सचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला; पिण्याचे पाणी मात्र मोफत द्यावेच लागते. ते हक्काने मागावे.

आमची खरी चिंता पुढची आहे. मॉलमध्ये मराठी चित्रपटाच्या वाट्याला बहुधा अवेळचा खेळ येतो. गावातले जुने थिएटर बंद पडले, तर परवडणाऱ्या दरात सहकुटुंब मराठी चित्रपट पाहण्याची जागाच जाईल. सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. महिला मंडळे, युवक मंडळे आणि वाचनालये यांनी मिळून प्रत्येक चांगल्या मराठी चित्रपटाचा एक खेळ आगाऊ ठरवावा आणि तो भरून दाखवावा. रिकाम्या खुर्च्यांपुढे कोणताही मालक केवळ भाषेखातर पडदा चालवणार नाही.