पहिल्या अर्ध्या सेकंदाचा पुरावा

ड्रॅग शर्यत इंजिनाच्या ताकदीवर जिंकली जाते, ही समजूत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्येही घट्ट रुजलेली आहे. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची ही शर्यत पुष्कळदा पहिल्या अर्ध्या सेकंदातच हातची जाते. तिथे निकाल लावतात ते मागचे टायर, स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर. तो अर्धा सेकंद टिपणारे उपकरण आज बहुतेकांच्या खिशात आहे. आपल्या महाविद्यालयीन संघांनी महागडे सुटे भाग मागवण्याआधी ते नीट वापरायला शिकावे, असे माझे मत आहे.

गाडी सुटताना भार मागच्या चाकांकडे सरकतो. किती? वस्तुमानाला त्वरणाने आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणावे, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतराने भागावे. १,२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, आसांत अडीच मीटर अंतर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाइतके असेल, तर सुमारे २४० किलो भार मागे जातो. पुढची चाके जमिनीवर आहेत तोवर हा हिशेब चालतो, आणि त्यात स्प्रिंगेचा कडकपणा कोठेच येत नाही! ‘मऊ स्प्रिंग घाला, भार जास्त मागे जाईल’ हा गॅरेजमधला सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. भार किती लवकर पोहोचतो आणि पोहोचल्यावर टिकतो की हेलकावतो, एवढेच स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर मुख्यतः ठरवतात. प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळ डोळ्यांना मोजता येत नाही. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीपासून सुटतात की नाही, हा वादसुद्धा १८७८ मध्ये मायब्रिजच्या छायाचित्रांनीच मिटवला.

साधे चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटींचे असते. अर्ध्या सेकंदात १५ चौकटी. अनेक मोबाइल २४० चौकटी टिपतात, म्हणजे त्याच अवधीत १२०. वरच्या त्वरणाने गाडी अर्ध्या सेकंदात जेमतेम सव्वा मीटर सरकते, त्यामुळे कॅमेरा फिरवण्याची गरजच नाही. तो तिपाईवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला, गाडीच्या मार्गाशी काटकोनात आणि शक्य तितका दूर ठेवावा. चाकाच्या मध्यावर व त्याच्या थेट वर बॉडीवर रंगीत पट्टी चिकटवावी, टायरवर खडूची रेघ ओढावी. मग भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी तयार झालेले ‘ट्रॅकर’ हे मोफत सॉफ्टवेअर चौकटीगणिक अंतरे मोजून देते.

या चित्रफिती फार बोलक्या असतात. मागची बॉडी चाकापासून झपाट्याने वर उचलली गेली, लगेच खाली बसली आणि त्याच क्षणी खडूची रेघ गाडीच्या चालीपेक्षा वेगाने फिरू लागली, तर टायरवरचा दाब आला आणि निसटला. अशा वेळी आधी शॉक ॲब्सॉर्बरकडे पाहावे. मागून घेतलेल्या दृश्यात गाडी एका अंगाला पिळवटताना दिसली, तर दोन्ही चाकांवरचा भार असमान आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा चित्रण घ्यावे. हे कंटाळवाणे काम आहे, आणि प्रयोग म्हणतात तो हाच.

व्हिडिओ बल दाखवत नाही, स्थान दाखवतो. स्थानावरून त्वरण काढताना मोजमापातील बारीक चुका फुगतात, म्हणून त्या आकड्यावर फार विसंबू नये.

तरीही ही पद्धत आपल्याकडे अधिकच उपयोगी आहे. अमेरिकेतील ड्रॅग पट्ट्यांवर पकड वाढवणारे चिकट रसायन फवारतात. आपल्याकडे ॲम्बी व्हॅलीसारख्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यती झाल्या आहेत. तिथली पकड वेगळी, तेव्हा तिकडच्या गाड्यांचे आकडे जसेच्या तसे उतरवून काय साधणार? कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेतही ७५ मीटरची त्वरण चाचणी असते आणि गाडीच्या रचनेमागची कारणे परीक्षकांना सांगावी लागतात. ‘सगळे हेच वापरतात’ या उत्तरापेक्षा स्वतः मोजलेल्या १२० चौकटी त्यांच्यापुढे ठेवणे केव्हाही बरे, आणि त्यासाठी लागतात एक तिपाई, रंगीत पट्टीचे एक रीळ आणि बंद मैदानातली एक सकाळ.