विमानाचे दात

ज्याला बैल पारखता येतो त्याला विमानही पारखता येते, असे कोणी गेल्या दिवाळीत मला सांगितले असते तर मी हसलो असतो. यंदा हसत नाही.

आमचे आजोळ वेल्ह्याचे, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, मामांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) मामा ७८ वर्षांचे. त्यांचा नातू वैमानिकाचा परवाना खिशात घालून तीन वर्षे नोकरीची वाट पाहत होता. उड्डाणाचे तास वाढले तर नोकरीची आशा, आणि भाड्याच्या विमानाचा तास तर परवडत नाही. तेव्हा दोघा मित्रांबरोबर त्याने बेत केला, की जुने दोन आसनी सेसना १५२ विकतच घ्यावे. त्याच्या वाट्याचे पैसे उभे राहायचे होते मामांच्या भोरकडच्या जमिनीतून. रस्त्याकडेचा तो तुकडा विकायला निघाला आणि मामांनी मला बोलावणे धाडले.

“तू पोरांचे पेपर तपासतोस न्हवं? मग ह्याच्यासंगं जा. न बघता इसार द्यायचा न्हाई.”

“मामा, मला विमानातले काय कळते?”

“बैलाचं काय बघत्यात ते ठावं हाय ना? मग झालं.”

मामांचे शास्त्र मी लहानपणी बाजारात पाहिले होते. बैलाच्या खालच्या जबड्यात पुढचे आठ दात. ते दोन-दोन करून पालटतात, त्यावरून वय कळते. मग खांदा, मग खूर, आणि शेवटी चार पावले चालवून पाहायचे. सगळ्यांत पहिला नियम असा, की विकणाऱ्याच्या दलालाने दाखवलेला दात खरा मानायचा नाही. पारखी आपला हवा.

म्हणून आम्ही आपला अभियंता पदरचे पैसे देऊन बरोबर नेला. जुने विमान घेण्यात कमीपणा मुळीच नाही. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याची उरलेली डाकोटा विमाने विकत घेऊनच आपल्या देशात कितीतरी हवाई कंपन्या उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आणि सेसना १५२ तर १९८५ नंतर बनलेच नाही. म्हणजे जे मिळेल ते चाळिशीच्या घरातले किंवा पुढचेच!

विमान पांढरेशुभ्र, नुकतेच रंगवलेले. पोराचे डोळे त्यावरून हलेनात. अभियंत्याने मात्र विमानाकडे पाठ करून आधी वह्या मागितल्या. एक सांगाड्याची, एक इंजिनाची. विमानाचे वय वर्षांपेक्षा तासांवर मोजतात, आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद सहीनिशी वहीत असावी लागते. वहीतले क्रमांक आणि विमानावरच्या पट्टीवरचे क्रमांक त्याने जुळवून पाहिले.

“इंजिन नव्यासारखे आहे,” विकणारे गृहस्थ म्हणाले. “उघडून बांधल्यापासून फक्त १४० तास चालले आहे.”

“किती वर्षांत?” अभियंत्याने विचारले.

“नऊ.”

अभियंता गप्प झाला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “इंजिन चालून झिजते, त्याहून बसून लवकर बिघडते. तेल खाली उतरते, वरच्या भागांवर दमट हवेने गंज धरतो. तास कितीही कमी असोत, बारा वर्षांनी इंजिन उघडा, असे बनवणारेच सांगतात.”

मला मामांचा शब्द आठवला : बसून खाल्लेला बैल.

मग त्याने चारही सिलिंडरांत एकेक करून ८० पौंड दाबाची हवा सोडली, आणि किती टिकते ते पाहिले. तीन ठिकाणी काटा सत्तरीच्या वर राहिला. चौथ्यात ४८ वर आला. अभियंत्याने मला धुराच्या नळीशी कान लावायला सांगितले. आत बारीक सूं सूं ऐकू येत होते. “हवा इथून निसटते म्हणजे झडप गेली,” तो म्हणाला. “तेल ओतायच्या तोंडातून आवाज आला असता तर पिस्टनची कडी.”

“पण उड्डाणयोग्यतेचा दाखला चालू आहे!” गृहस्थ म्हणाले.

“दाखला त्या दिवसाचा असतो,” अभियंता शांतपणे म्हणाला. “उद्याचा खर्च त्यात लिहिलेला नसतो.”

तोवर मी नुसता वही चाळत बसलो होतो. एकाएकी थबकलो. दोन वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरकस वळणात, एकाच शब्दाची तीच चूक पुन्हा पुन्हा! वर्षाची वही आदल्या रात्री पुरी करणारे विद्यार्थी मी अठरा वर्षे पाहतो आहे. मी पान अभियंत्यापुढे धरले. त्याने पाहिले आणि वही मिटली.

परतताना पोरगा एक अक्षर बोलला नाही. नसरापूरचा फाटा आला तेव्हा म्हणाला, “काका, तुम्हाला ते दिसलेच नसते तर?” मला उत्तर सुचले नाही. झडप बदलता येते. खोटी वही बदलता येत नाही, हे त्यालाही कळत होते. पण तीन वर्षे वाट पाहिलेल्याला कळण्याने काय समाधान!

मामा ओसरीवर बसले होते. “दात बघितले?”

“बघितले, आजोबा. तपासणीचे पैसे मात्र बुडाले.”

“बुडाले कसे? जमीन वाचली न्हवं?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “म्या एकदा शिंगं बघून बैल घेतला हुता. पेरणीला बसला तो उठलाच न्हाई. त्या साली उसनं भात खाल्लं आमी.” पोराच्या पाठीवर हात ठेवून ते पुढे म्हणाले, “तुकडा तुझाच हाय. दुसरं बघ. पर बघूनच.”

कालच पोराचा फोन आला. दुसऱ्या एका विमानाच्या वह्या पाहायला मिळणार आहेत. “काका, फराळाला याच,” तो म्हणाला, “आणि येताना लाल पेन आणा.”