एकशे नव्याण्णवातले आठ रुपये

"मावशी, आता इनकमिंगपण बंद झालंय तुमचं. एकशे नव्याण्णव मारल्याशिवाय काही होणार नाही."

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या एका मोबाइलच्या दुकानात मी चार्जरची वायर घ्यायला उभा होतो. पुढे धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक मावशी. हातात बटणांचा फोन, मागचे झाकण निसटू नये म्हणून त्याला रबरबँड लावलेला. "दादा, मला नेट नको रे. नुसता फोन येऊ दे. आणि तो नंबर येतो ना, लाडक्या बहिणीचा, तो आला पाहिजे." नंबर म्हणजे ओटीपी. त्यांनी शंभराची एक नोट काढली, मग विसाच्या दोन. उरलेले एकोणसाठ रुपये दुकानदाराने वहीत मांडले आणि रिचार्ज मारला.

या 199 रुपयांची फोड करून बघावी. 18 टक्के जीएसटी काढला की सुमारे 30 रुपये गेले. उरले 168 च्या आसपास. या महसुलावर कंपनी सरकारला 8 टक्के परवाना शुल्क भरते. त्यातले 5 टक्के, म्हणजे ढोबळ हिशेबाने 8 रुपये 40 पैसे, एका खास निधीच्या नावाने जातात. ज्यांच्यापर्यंत दूरसंचार परवडेल अशा दरात पोचत नाही त्यांच्यापर्यंत तो पोचवायचा, हे त्या निधीचे काम. 28 दिवसांचा पॅक वर्षातून 13 वेळा मारावा लागतो, तेव्हा मावशी या निधीला वर्षाला शंभराच्या वर रुपये देतात. निधी त्यांना एक पैसा देत नाही.

ही उलटी गंगा थांबवायची तर एकच उपाय मला दिसतो. गरीब कुटुंबाला रिचार्जवर थेट सवलत द्यावी, ती कंपन्यांनी काउंटरवरच द्यावी, आणि तिचे पैसे कंपन्यांना या निधीतून मिळावेत. हे बोलले की माणसे चमत्कारिक नजरेने बघतात. त्यांचे आक्षेप मी पुरेसे ऐकले आहेत, आणि त्यातले काही नुसते झटकून टाकण्यासारखे नाहीत.

आधी निधीविषयी. 1999 च्या दूरसंचार धोरणातून आलेला हा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी 1 एप्रिल 2002 पासून सुरू झाला आणि 2003 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्यातून गावोगावचे सार्वजनिक फोन झाले, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत टॉवर उभे राहिले, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारे भारतनेट आले. कामे वाईट नव्हती. पण पैसा आधी सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो, मग संसदेच्या मंजुरीने बाहेर येतो, आणि आत येणारा ओघ बाहेर जाणाऱ्यापेक्षा मोठाच राहिला. एका टप्प्यावर न वापरलेली शिल्लक 50,000 कोटींच्या पुढे होती. आणि जे खर्च झाले ते लोखंडावर नि काचेच्या तारेवर. टॉवरच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमध्ये व्हॅलिडिटी आहे का, हे या निधीने कधी विचारले नाही.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. भारतात डेटा जगात सर्वांत स्वस्तांपैकी, नऊ-दहा रुपयांत एक जीबी, आणखी काय फुकट द्यायचे?

एका जीबीचा भाव जीबी विकत घेणाऱ्यासाठी असतो. मावशींचा प्रश्न दारातून आत येण्याच्या पैशांचा आहे. पनवेलच्या बाजारात हापूस डझनाला स्वस्त आहे, पण पेटीच उचलावी लागेल, असे म्हटले तर त्या स्वस्ताईचा दोन आंबे हवे असणाऱ्याला काय उपयोग? इनकमिंग 2003 च्या मे महिन्यापासून फुकट झाले. 2005 च्या सुमारास हजाराच्या आत 'लाइफटाइम' मिळू लागले, आणि रिक्षावाला, भाजीवाली, नाक्यावरचा मजूर यांच्या खिशात फोन आला. तो फोन त्यांनी कॉल घेण्यासाठी ठेवला. बोलायचे झाले तर मिस्ड कॉल द्यायचा, ही तर आपल्याकडची एक स्वतंत्र भाषाच होती. 2018 च्या अखेरीस हे संपले. नंबर चालू ठेवायला दर 28 दिवसांनी किमान 35 रुपये आले. त्यात बोलायला सव्वीस-सत्तावीस रुपये मिळत, हे मान्य. पण 35 चे 79 झाले, 79 चे 99, मग 155, आणि जुलै 2024 च्या दरवाढीनंतर 199. आज अमर्याद कॉल मिळतात, रोजचे एसएमएस मिळतात, 2 जीबी डेटाही मिळतो. मावशींच्या बटणफोनला त्या डेटाचा उपयोग, बिनपंख्याच्या घरात रेग्युलेटर लावावा इतका.

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या हे लक्षात आले नाही असे नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला लावले. जानेवारी 2025 मध्ये ते आले: जिओचा 84 दिवसांचा 458 रुपयांना, जो लगेच 448 वर आला, एअरटेलचा तेवढ्याच दिवसांचा 499 वरून 469 वर. हिशेब केला तर 28 दिवसांना दीडशे रुपये पडतात, म्हणजे स्वस्तच. पण ते एकरकमी भरायचे. ज्या बाईकडे 199 मधले 59 कमी पडतात तिला 448 चा फायदा कोण समजावणार? गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी.

दुसरा आक्षेप रेवडीचा. 2022 पासून हा शब्द फारच सैल सुटला आहे. मी फक्त आठवण करून देतो. सप्टेंबर 2021 मध्ये कंपन्यांच्या सरकारी देण्यांना चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. व्होडाफोन आयडियाच्या थकबाकीचे 36,950 कोटी रुपये 2025 मध्ये सरकारने समभागांत बदलून घेतले आणि सरकारची मालकी 48.99 टक्क्यांवर गेली. बीएसएनएलला 2019, 2022 आणि 2023 अशी तीन पुनरुज्जीवन पॅकेजेस मिळाली. यातले प्रत्येक पाऊल कदाचित बरोबरही असेल. बाजारात दोनच कंपन्या उरल्या असत्या तर 199 चे 299 व्हायला वेळ लागला नसता. पण कंपनीला दिले की 'क्षेत्राला दिलासा' आणि मावशींना दिले की 'रेवडी', ही डिक्शनरी मला मान्य नाही. शिवाय मावशी सार्वत्रिक सेवा निधीच्या वर्गणीदार आहेत. आपल्याच भिशीतून उचल मागणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही.

आणि हा फोन ठेवायला भाग कोणी पाडले? सरकारनेच. महिन्याला 1,500 रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेसाठी 2025 मध्ये ई-केवायसी आले: आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर आणखी एक. नंबर बंद तर ओटीपी नाही. म्हणजे 1,500 मिळवत राहण्यासाठी त्यातलेच 199, साधारण तेरा टक्के, दर 28 दिवसांनी खर्च करायचे. गॅसचे बुकिंग, बँकेचा निरोप, शाळेची नोटीस, सगळे त्याच नंबरवर. पूर्वी कोपऱ्यावर रुपयाचा कॉईन बॉक्स होता, अपंग माणसाने चालवलेला पिवळ्या पाटीचा पीसीओ होता. ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही फोन करता येत होता. ते गेले, आणि त्या जागी काहीच आले नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करतो, निदान थोडा वेळ. "सवलत कंपनीच्या हातून दिलीत की कंपनी ती खाईल." अमेरिकेत हे झालेले आहे. तिथे 1985 पासून 'लाइफलाइन' नावाची योजना आहे. गरिबाच्या बिलातून ठराविक रक्कम, आता सव्वानऊ डॉलर, कंपनी कमी करते आणि सार्वत्रिक सेवा निधीतून वसूल करते. योजना प्रीपेड मोबाइलला लागू झाली तेव्हा पात्रता तपासण्याचे काम कंपन्यांकडेच होते. जितकी नावे, तितके पैसे. मग एकाच घरात दोन-दोन जोडण्या निघाल्या आणि 2012 मध्ये नियम कडक करावे लागले. पुढे तपासणीच कंपन्यांच्या हातून काढून वेगळ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे दिली. चूक सवलतीत नव्हती. मांजरालाच दुधाची राखण दिली होती.

करोनानंतर त्यांनी महिना 30 डॉलरची इंटरनेट सवलत आणली. मे 2022 मध्ये वीस कंपन्या 30 डॉलरच्या आतला वेगवान प्लॅन द्यायला तयार झाल्या, म्हणजे गरिबाला तो फुकटच. दोन कोटी तीस लाखांच्या आसपास घरे आत आली. पण हे पैसे कायमच्या निधीतले नव्हते, एकदाच मंजूर झालेले होते. ते संपले, आणि 1 जून 2024 ला योजना बंद. जुनी, कमी रकमेची लाइफलाइन मात्र चालू आहे, कारण तिच्यामागे निधी आहे. तसा निधी आपल्याकडे आहे, फक्त त्याला अजून घरातला माणूस दिसलेला नाही.

तपासणीचे म्हणाल तर तो प्रश्न महाराष्ट्रात बराचसा सुटलेला आहे. पिवळे आणि प्राधान्य गटाचे केशरी रेशनकार्ड पुरवठा खात्याच्या यंत्रणेत आहे, आधारला जोडलेले आहे. अन्न सुरक्षा कायद्याने कुटुंबप्रमुख म्हणून घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री नोंदलेली आहे. सवलत तिच्या नंबरला. दुकानदाराने कार्डाचा नंबर टाकायचा, यंत्रणेने हो किंवा नाही म्हणायचे. कंपनीला पात्रता ठरवण्याचा अधिकारच नको. (या केशरी कार्डासाठी शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची 59,000 रुपयांची मर्यादा हा वेगळा विनोद आहे. खांदा कॉलनीत भाड्याने राहून वर्षभर 59,000 त घर चालवणारे कुटुंब मला कोणी दाखवावे. पण ती भांडणे पुरवठा खात्याशी.)

सरकारी सवलत दुसऱ्याच्या हातून देणे आपल्याला नवे नाही. 2023 पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे. कंडक्टर अर्धेच पैसे घेतो, उरलेले महामंडळ राज्याकडे मागते. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. पिवळे-केशरी कार्ड दाखवायचे, खासगी रुग्णालयाने शस्त्रक्रिया करायची, बिल योजनेने द्यायचे. खासगी शाळांतल्या गरीब मुलांसाठी राखीव 25 टक्के जागांचेही तेच. या सर्वांची दुखरी जागाही एकच: प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि मग शाळा नि रुग्णालये अंग चोरतात. दूरसंचाराचे इथे बरे आहे. कंपन्या दर तिमाहीला सरकारला शुल्क भरतातच. दिलेल्या सवलतीची तपासलेली रक्कम त्यातूनच वळती करा. थकबाकीला जागाच उरणार नाही, आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. कायद्यात त्यासाठी एखादे कलम बदलावे लागेल, लागू दे.

"पण खांदा कॉलनी काय दुर्गम आहे?" हे मला एका वकील मित्राने विचारले. खांदेश्वर स्टेशन चालत अंतरावर, पलीकडे विमानतळ. चार मजल्यांवरून चार कंपन्यांचे टॉवर दिसतात. खरे आहे, 2003 ची भाषा ग्रामीण आणि दुर्गम भागांचीच होती. पण 2023 च्या दूरसंचार कायद्याने निधीचे नाव डिजिटल भारत निधी केले आणि त्याच्या कामात सेवा अपुरी असलेले शहरी भागही घातले. ऑगस्ट 2024 च्या नियमांत तर स्त्रिया, अपंग आणि आर्थिक-सामाजिक दुर्बल गटांपर्यंत सेवा पोचवणे स्पष्ट लिहिले आहे. कायदा टॉवरवरून माणसापर्यंत उतरला. योजना अजून वरच आहेत. शहरातला दुर्गम भाग नकाशावर नसतो. तो सिडकोच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या वॉचमनच्या खोलीत असतो.

राहिल्या कंपन्या. त्यांची संघटना वर्षानुवर्षे म्हणते आहे की शिल्लक पडून असेल तर ही 5 टक्क्यांची वसुली थांबवा. माझे म्हणणे त्यांच्या फायद्याचेच आहे. वसुली थांबवण्यापेक्षा ती ग्राहकाच्या हातून परत घ्या. ज्या मावशी महिन्यातून दहा दिवस जाळ्याबाहेर असतात, त्या आत येतील. मात्र भाग घेणे ऐच्छिक नको. सेवा देण्याच्या अधिकारपत्राचीच ती अट हवी, नाहीतर जी कंपनी तोट्यात तीच गरिबांची कंपनी ठरेल. पॅक कोणता, किंमत काय, हे ट्रायने ठरवावे. दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे म्हणून सवलत 100 ची आणि दुसऱ्याच महिन्यात पॅक 299 चा, असे व्हायला नको. आणि नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येतो तशी सवलतही नेता यावी.

"मागणी कुठे आहे? कोणी मोर्चा काढला?" असेही विचारले जाते. नाही काढला. त्या दिवशी दुकानातून निघताना मी वहीत डोकावलो. पानभर नावे होती, बहुतेक बायकांची: पोळीवाल्या काकू, सेक्टर आठची मावशी, वॉचमनची बायको. पुढे आकडे: 59, 99, 40. दुकानदाराला विचारले, परत येतात का पैसे? तो म्हणाला, "येतात की. पाच तारखेला येतात सगळे. मध्ये फक्त फोन करून आठवण देता येत नाही, काहींचे बंद असतात."