विश्लेषण : बेरिमाचा ऐतिहासिक तुरुंग खासगी हातांत, वारशाचे काय होणार?

ऑस्ट्रेलियात सिडनीपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, ‘सदर्न हायलँड्स’ या डोंगराळ भागात बेरिमा हे छोटे गाव आहे. डॉन ब्रॅडमन लहानाचे मोठे झाले ते बाउरल इथून जवळच. बेरिमाचा जुना तुरुंग न्यू साउथ वेल्स सरकारने २०२२ मध्ये खासगी कंपनीला विकला. त्यामुळे सार्वजनिक वारसा विकावा का, हा प्रश्न पुढे आला.

गाव जुने कसे राहिले?

ही भूमी मुळात गुंडुंगुरा या आदिवासींची. ब्रिटिशांनी १८३१ मध्ये इथे गावाची आखणी केली. १८३८ मध्ये न्यायालय आणि १८३९ मध्ये तुरुंग उभा राहिला. मात्र १८६७ मध्ये रेल्वे बेरिमाला वगळून मॉस व्हेलमार्गे गेली आणि व्यापारही तिकडे सरकला. विकासच थांबल्याने जुन्या दगडी इमारती पाडण्याची गरज कुणाला भासली नाही. पुढे १९८९ मध्ये ह्यूम महामार्गाचा बायपास झाला आणि अवजड वाहनेही गावाबाहेरून जाऊ लागली. जे आधी नुकसान ठरले, तेच आज पर्यटनाचे भांडवल आहे.

तुरुंगाचे महत्त्व काय?

तो बांधण्यासाठी बेड्या घातलेल्या कैद्यांना राबवले गेले. पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन खलाशांना स्थानबद्ध केले होते. दिवसा बाहेर पडण्याची मुभा असल्याने त्यांनी विंजिकॅरिबी नदीकाठी झोपड्या, बागा आणि नावा तयार केल्या. नंतर हा तुरुंग अनेकदा बंद झाला, पुन्हा उघडला. २०२० मध्ये तो कायमचा बंद झाला.

वारसा यादीचे संरक्षण पुरेसे आहे का?

तुरुंग राज्याच्या वारसा यादीत आहे. त्यामुळे मालक कुणीही असला तरी मोठे बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. पण कायदा प्रामुख्याने वास्तूचे रक्षण करतो. आत कुणाला जाता येईल, तिकीट किती असेल आणि कैद्यांचा इतिहास सांगितला जाईल की नाही, हे बहुतांशी मालकावर अवलंबून राहते.

दुसरी बाजूही आहे. रिकामी दगडी वास्तू सांभाळायला सतत पैसा लागतो आणि वापर थांबला की पडझड सुरू होते. म्हणून खरा मुद्दा विक्रीपेक्षा तिच्या अटींचा आहे. लोकांसाठी प्रवेश आणि इतिहासाचे जतन कागदावर बांधून घेतले नाही, तर भिंती टिकतील, पण गावाला त्या बाहेरूनच पाहाव्या लागतील.