तोंडी शब्दावरची मेथी

कॉलनीतला पडीक प्लॉट आमच्या बचत गटाला भाजीसाठी मिळाला, तेव्हा मला पेरणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मेथी बोटभर खोल पुरली, निम्मी उगवलीच नाही! शेजारच्या काकू हसल्या, "अगं, बी फोकायचं, वर नुसती माती भुरभुरायची." दुसऱ्या खेपेला महिन्याभरात जुड्या हातात आल्या. आणि लगेच मालकांचा निरोप, "जागा साफ झालीच आहे, आता रिकामी करा." दगड, प्लास्टिक, गाजरगवत आम्ही उपसलं, तेही तोंडी शब्दावर. मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे, निदान दोन हंगामांचं लिहून घ्या, मगच कुदळ उचला. "आपल्यात कागद कशाला?" म्हणणाऱ्यांकडून तर आधी! आमचा वाटाणा अजून फुलावरच आहे.